उलटी चढणारी सगुणा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि चिंचेवरच्या हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींना बाकावर उभं करत होते. या सदरात येणारे अनुभव वाचूनही मी पुष्कळदा हसले आहे. तेव्हा आता माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. जे घडलं ते मात्र सांगणारच, कारण त्यात आमच्या सगुणेची अब्रू आहे.

सगुणा म्हणजे आमची मोटार. घर रत्नागिरीच्या बाहेर, हातखंब्याच्या रस्त्याला, कलमांच्या बागेत. सत्तावीस सालच्या सुमारास एका बदली झालेल्या साहेबाकडून ह्यांनी ती जुनीच विकत घेतली आणि सगुणा गाय गेल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात बांधली... म्हणजे ठेवली. आमचा गडी विठू पहिल्याच दिवशी तिला सगुणा म्हणाला, आणि तेच नाव पडलं. गाडी घरी आली आणि वर्षाच्या आत तिकडे विलायतेत ती बनवणारी कंपनीच बुडाली! ह्यांचे मित्र भाऊराव वकील, ज्यांच्याकडे नवी कोरी अमेरिकन मोटार, ते दर भेटीत म्हणायचे, "वहिनी, बुडालेल्या कंपनीचा माल घेतलात. आता सुटे भाग काय स्वर्गातून आणणार?"

स्वर्गात जावं लागलं नाही. चाकाच्या आऱ्या मोडल्या तेव्हा सुताराने फणसाच्या लाकडाच्या करून दिल्या. टप फाटला तो बंदरावर गलबतांची शिडं शिवणाऱ्याने शिवला, आणि असा शिवला की वादळातसुद्धा थेंब आत येत नसे. रेडिएटरला तांबटाने डाग दिला. म्हणता म्हणता निम्मी गाडी विलायतेची आणि निम्मी रत्नागिरीची झाली. भाऊरावांच्या गाडीचा एक स्क्रू हरवला तर मुंबईहून तो येईपर्यंत ती झाकलेलीच राही.

खोडी मात्र पुष्कळ. डावीकडचं दार उघडत नसे. पेट्रोलची टाकी सीटखाली, त्यामुळे पेट्रोल कमी असलं आणि मोठा चढ आला की ते इंजिनपर्यंत पोचतच नसे. मग गाडी फिरवायची आणि चढ उलटा चढायचा! पाठ पुढे करून डोंगर चढणारी मोटार बघायला बायका भाताच्या खाचरातून धावत येत. मला पहिल्यांदा लाज वाटली. नंतर मीच मान ताठ करून बसू लागले. लोकांच्या गाड्यांना एकच तोंड, आमच्या गाडीला दोन.

गाडी सुरू करायलाही दोघं लागत. हे पुढे हॅन्डल मारणार आणि मी आत बसून स्पार्कचा खटका सांभाळणार. तो खटका एका सळईने मॅग्नेटोला जोडलेला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनातली ठिणगी पाडणारी, खरबुजाएवढी लोखंडी वस्तू. आमच्या गाडीत बॅटरी नाहीच, दिवेसुद्धा कार्बाइडचे. म्हणजे मॅग्नेटो नाही तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर गाडी म्हणजे नुसतं पत्र्याचं कपाट. एवढं ध्यानात ठेवा.

पावसाळ्यात आमच्याकडे होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग बाहेर काढतात. ह्यांनी सगुणेलाही तोच नियम लावला होता. मृग लागायच्या आत ती गोठ्यात झापांखाली जाई. आपल्या हवेत मॅग्नेटो ओल धरतो, म्हणून हे तो काढून माझ्या हवाली करत. मी तो जुन्या धाबळीत गुंडाळून, काथ्याने बांधून तांदळाच्या कणगीत पुरून ठेवी. तांदूळ ओल धरू देत नाहीत. भाताला तेलाचा वास आला की हे म्हणत, "आज सगुणेने वाढलंय वाटतं!" पौर्णिमेला मी गाठोडं काढून द्यायचं, ह्यांनी तो बसवायचा आणि मग चाकाखाली नारळ फोडायचा.

सहा-सात वर्षांमागचा श्रावण. पौर्णिमा अजून लांब होती. आमची सुमन तेव्हा पाच वर्षांची. दोन दिवस घसा दुखत होता, काढे चालू होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या श्वासाचा आवाज ऐकून मी तिला उजेडात घेतलं. तोंड उघडून पाहिलं तर घशात पांढरा पडदा. घटसर्प! शेजारच्या वाडीतलं एक मूल त्याने आधीच्या वर्षी गेलं होतं. पावसाने रत्नागिरीची सर्व्हिस मोटार बंद होती, आणि बैलगाडीने जायचं तर पोर वाटेतच...

"विठू, झाप काढ!" हे ओरडले. विठूने भराभर झाप उपसले. "वैनी, तुमी पोरीला घट्ट धरून बसा. बाकीचा मी बगतो." ह्यांनी डब्यात होतं तेवढं पेट्रोल ओतलं. मी सुमनला मांडीवर घेऊन नेहमीच्या जागी बसले, आणि हे पुढून म्हणाले, "अगो, खटका मागे घे!" मी घेतला. हाताला नेहमीसारखाच जड लागला. ह्यांनी पहिलाच हॅन्डल मारला आणि सगुणा धडधडू लागली.

पावसाळ्यानंतर ती एका हॅन्डलला कधीच उठली नव्हती. पण त्या वेळी कुणाला कसला विचार? विठू मागच्या बाजूला चढला आणि आम्ही निघालो.

ओढ्यावरच्या मोरीपाशी रस्त्यावरून लाल पाणी वाहत होतं. हे क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली. पाणी पायाखालच्या फळीवर आलं, बॉनेटच्या फटीतून आत शिरताना मला दिसलं. सगुणा साधी खोकलीसुद्धा नाही. पुढे चढाला पेट्रोल कमी म्हणून ह्यांनी ती फिरवली, आणि त्या कोसळत्या पावसात आम्ही घाटी उलटी चढलो. विठू मागे उभा राहून "डाव्या अंगाला, दादा, डाव्या अंगाला!" ओरडत वाट दाखवत होता. मांडीवर सुमनचे ओठ निळे पडत चालले होते. मी कुठल्याच देवाचं नाव घेतलं नाही. मी म्हणत होते, "चल गो सगुणे, चल माझे बाये."

इस्पितळात डॉक्टरांनी तिला बघताक्षणी आत नेलं, लस टोचली. बाहेर येऊन म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचा श्वास मोकळा झाला. घरून कपडे आणायचे म्हणून हे आणि मी गाडीपाशी गेलो. हॅन्डल मारून मारून ह्यांचे हात भरून आले, पण सगुणा ढिम्म. माझ्या हातातला खटका लुळा पडला होता, कशालाच जोडलेला नसावा तसा. तेवढ्यात भाऊराव सुमनची चौकशी करायला आले. त्यांच्यासमोरच ह्यांनी बॉनेट उघडलं.

मॅग्नेटोची जागा रिकामी!

"चोरला!" हे कडाडले. "माणसं आहेत की कोण? आजारी पोरीची गाडी, आणि—" भाऊराव मात्र वाकून बघत राहिले. त्या रिकाम्या जागेत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. चांगलं मोठं, वाळून खडखडीत झालेलं. "अरे," ते हळूच म्हणाले, "हे काही एका रात्रीत झालेलं नाही."

मोरीवरचं पाणी रात्रीत ओसरलं होतं, म्हणून भाऊरावांनी मला आपल्या गाडीतून घरी नेलं. कपडे घेतले, सुमनला पेज न्यावी म्हणून कणगीत हात घातला, तर हाताला धाबळी लागली. म्हणजे त्या घाईत मॅग्नेटो बसवायचा राहिलाच होता! काथ्या तसाच, गाठ माझीच. माझ्या आईने शिकवलेली दुहेरी गाठ, आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ती घालता येत नाही आणि सोडवताही येत नाही.

मी कणगीपाशी बसकणच मारली. भाऊरावांनी तिथल्या तिथे माझी उलटतपासणी घेतली. दुसरा मॅग्नेटो होता का? कुठला असणार, कंपनीच बुडालेली! घरात कुणी आलं होतं? दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, साक्षीदार खोटं बोलत नाही आणि गोष्ट खरी असू शकत नाही. अशी केस मी घेत नाही."

गाठोडं मांडीवर घेऊन मी इस्पितळात परतले. ह्यांनी गाठ पाहिली आणि मलाच ती सोडायला लावली. मग मॅग्नेटो बसवताना एकदम थांबले. "अगो, मोरीतलं पाणी कुठवर आलं होतं?"

"बॉनेटच्या आत शिरलं होतं."

"मॅग्नेटो जागेवर असता तर भिजला असता. गाडी मोरीतच बंद पडली असती."

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. लाज न बाळगता सांगते, मला अभिमानाने रडू येत होतं.

विठू म्हणतो, बाग राखणाऱ्या देवाने, राखणदाराने गाडी हाकली. त्याने लगेच नारळ दिला, मी अडवलं नाही. एका कॉलेजातल्या प्रोफेसरांनी तापलेल्या इंजिनात पेट्रोल आपोआप कसं पेटतं ते मला समजावलं. मी विचारलं, दोन महिने थंड पडलेलं इंजिन पहिल्या हॅन्डलला कसं पेटलं? त्यांनी चहा संपवला. भाऊराव आताशा थट्टा करत नाहीत. गेल्या साली त्यांनी पुन्हा नवी गाडी घेतली आणि ह्यांना विचारलं, तुलाही एक बघू का? हे म्हणाले, "कंपनी बुडाली हे सगुणेला कुणी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस."

मी भूत अजूनही मानत नाही. सगुणा त्या दिवशी कशावर चालली, मला माहीत नाही. कुणा वाचकाला माहीत असेल तर जरूर कळवावं. हे लिहिते आहे आणि अंगणात सुमन विठूशी भांडते आहे. काय तो आवाज! पार रस्त्यापर्यंत जात असेल. मुलीच्या जातीने हळू बोलावं, असं लोक मला सांगतात. मी तिला एकदाही गप्प केलेलं नाही.