साडेचौसष्टची मस्टँग आणि आमचे भाऊजी

जगाचा इतिहास १९६४च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो दर शुक्रवारी जुफैरला आमच्याकडे जेवायला येतो. हे माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. मूळचे गुहागरकडचे, बावीस वर्षं बहारीनमध्ये एकाच घरी ड्रायव्हर. त्या घरच्या म्हाताऱ्या मालकांची एक पांढरी फोर्ड मस्टँग गाडी होती, चौसष्टच्या एप्रिलमध्ये हे मॉडेल निघालं त्यानंतरच्या अगदी पहिल्या काही महिन्यांत बनलेली. कागदोपत्री ती पासष्टची. भाऊजी मात्र जाणकारांसारखं तिला साडेचौसष्टची म्हणतात, आणि कोणी पासष्टची म्हटलं तर हातातला घास ताटात ठेवून त्याला समजावतात.

मस्टँगचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि माणसंही ते त्याच मापाने मोजतात. समोरच्याचं जन्मसाल विचारायचं आणि त्या सालचं मॉडेल सांगायचं. अदलियात एका बारशाला बाळाच्या आजोबांना म्हणाले, "एकाहत्तर म्हणजे रुंदी वाढलेली." आजोबांनी फोटोत पोट आत घेतलं. माझा नवरा चौऱ्याहत्तरचा. त्या साली गाडी लहान केली आणि ताकदीचं व्ही-एट इंजिन काढूनच टाकलं, म्हणून भाऊजी त्याच्याकडे अजूनही जरा कीव आल्यासारखे बघतात. "दादाचा दोष नाही, वहिनी. सालच अशक्त." मी एकोणऐंशीची, म्हणजे नवा सांगाडा, सुटसुटीत, पुढे बरीच वर्षं टिकलेला. हे ऐकून मी त्यांना एक पोळी जास्त वाढली, हे कबूल करते.

दसऱ्याला ते गाडीची पूजा करत. एका वर्षी ओल्या कुंकवाची पाच बोटं त्यांनी थेट बॉनेटवर उमटवली. कारखान्यातून आलेला मूळ रंग तो, कुंकू प्यायला. पुसून पुसून गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. मालक काठी टेकत आले, डाग निरखून पाहिला आणि म्हणाले, "खलास. अब चोरी होगा तो पहचान लेंगे."

गेल्या वर्षी मालक गेले. अमवाजला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला जुन्या गाडीत रस नव्हता. भाऊजींची नोकरी राहणार होती, गाडी जाणार होती, आणि गिऱ्हाइकांना ती दाखवायचं काम भाऊजींकडेच आलं. मी त्यांना एका स्वच्छ कागदावर गाडीचे दहा चांगले मुद्दे लिहून दिले. त्यांनी मागच्या बाजूला सत्तावीस दोष लिहिले आणि वाचायला त्याच बाजूने सुरुवात केली. एक गिऱ्हाईक सहाव्या दोषाला गेलं, दुसरं मूळ नसलेल्या आरशापाशी. मालकांच्या मुलाने मला फोन करून, तुमचा माणूस मुद्दाम करतोय, असं सुनावलं. मलाही तेच वाटत होतं. मी सरळ म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला ती विकायचीच नाहीये."

त्यांना ते लागलं. "वहिनी, विकली जाऊ दे ना. पण ज्याला ऐकायचाच कंटाळा, तो तिला सांभाळणार कसा?"

तिसरे आले ते एक निवृत्त बहारीनी मास्तर. त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस दोष वहीत उतरवून घेतले. शेवटचा कुंकवाचा होता. तो ऐकून त्यांनी विचारलं, "ये कौनसे दिन लगाते हैं?" भाऊजींनी तिथेच त्यांच्या हातात किल्ली ठेवली. त्या शुक्रवारी जेवताना एवढंच म्हणाले, "माणूस चांगला मिळाला." जेवायला आलेल्या इतर पाहुण्यांपैकी कोणालाही जन्मसाल विचारलं नाही.

परवाच्या थंडीत, आम्ही जेवायला बसून दोन घासच झाले होते, तेवढ्यात भाऊजींना मास्तरांचा फोन आला. गाडी सुरू होत नव्हती. भाऊजी उष्ट्या हाताने उठून खिडकीशी गेले. पेडल एकदा पूर्ण दाबा, सोडा, आता किल्ली फिरवा, असं हळूहळू सांगत राहिले. तिकडे इंजिन खोकलं आणि सुरू झालं. आम्हाला टेबलापर्यंत ऐकू आलं.

"ठंडा है," भाऊजी म्हणाले. "दो मिनट चलने दो. फोन उधरही रखो."

त्या दोन मिनिटांची अकरा झाली. भाऊजी फोन धरून खिडकीशीच उभे होते. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.