आईच्या सांदवाडीतले गोटे

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करते. खरंच. चंद्रपूरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, एकोणीस वर्षं झाली. 'मॅडम, आमच्या गावात ना...' असं कुणी सुरू केलं की माझे प्रश्न ठरलेले — तू स्वतः पाहिलंस? पुन्हा करून बघितलंस? इथे लोक लिहितात ते अनुभवही मी करमणूक म्हणूनच वाचत आले. स्वतः लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण जे लिहितेय ते मी स्वतः पाहिलंय, आणि पुन्हा करूनही बघितलंय... वाचून झाल्यावर माझ्याविषयी तुमचं मत चांगलं राहणार नाही, एवढं आधीच सांगते.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याच्या देवळापासून पाचेक किलोमीटर. घर साधं. पुढे ओसरी, तिला लागून रस्त्याच्या बाजूची बाबांची खोली, मग धानाच्या पोत्यांची खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे कुंपणापर्यंत मोकळी जागा. आमच्याकडे तिला सांदवाडी म्हणतात. लोकांच्या सांदवाडीत वांगी असतात, वालाचे वेल असतात. आमच्या सांदवाडीत फुलं होती. आईची. जास्वंद, कन्हेर, मोगरा, कुंपणाच्या कडेनं शेवंती आणि झेंडूच्या रांगा. जमीन मुळातच खडकाळ, पण तिनं तळ्यातला गाळ टोपलीनं आणून आणून ती कसदार केली होती. दर सोमवारी परडी भरून मार्कंड्याला चालत जायची. तेवढंच तिचं स्वतःचं असं बाहेर पडणं.

मी नववीत असताना एका सोमवारी तिला परतायला उशीर झाला. घरी बाबांचे पाहुणे येऊन बसले होते आणि त्यांना चहा द्यायला कुणी नव्हतं. पाहुण्यांसमोर बाबा काही बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यात आमच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीतून निघालेल्या दगडांनी भरलेली ट्रॉली मागच्या फाटकातून आत आली आणि मोगऱ्यावर उलटली. मग दुसरी आली, ती शेवंतीवर. आई दारात उभी होती, हाताला कणीक तशीच. बाबा तिला म्हणाले, "आता वाह देवाले फुलं."

आई रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेक दगड उचलून कुंपणाशी नेऊन ठेवायला लागली. घमेलं, पहार, फावडं काही घ्यायचं नाही, असा बाबांचा हुकूम होता — "माह्या अवजाराले हात लावू नोको." म्हणून नुसत्या हातानं. सुपाएवढी जागा मोकळी झाली की त्यात झेंडूचं एक रोप लावायची. रोप फुललं की बाबा पुन्हा ट्रॉली आणायचे. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी समोर होते. बाबा मला म्हणाले, "चाल, मजा पाहू." आणि मी गेले... आईकडे न बघता बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पंधरा वर्षांची होते. पंधरा कमी नाही.

आई जाऊन आठ वर्षं झाली. शेवटपर्यंत तिच्या उजव्या हाताची तीन नखं नीट उगवली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. शेजारची बेबीबाई त्यांचं अंग पुसणं, खाऊ घालणं करायची. भाऊ पुण्याला, त्याला रजा नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि मी गावी आले. मागचं दार उघडलं तर दगडांवर घाणेरीचं रान माजलेलं, आणि दोन दगडांच्या फटीतून कन्हेराची एक वाळकी काडी वर आलेली. तिथंच ठरवलं, ही बाग मी पुन्हा उभी करणार. आईनं केली तशी, नुसत्या हातानं.

आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. म्हणून पहाटे साडेपाचला सुरू करायचं आणि आठला थांबायचं. घाणेरी उपटली, हात सोलवटले. पहिल्या दोन दिवसांत पन्नासेक दगड कुंपणाशी गेले. एकाखाली विंचू निघाला. मला बरं वाटत होतं, खूप वर्षांनी.

तिसऱ्या दिवशी बेबीबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, एक बोलू काय? तुमी इथी गोटे उचलता ना... तवा बाबाजी तिकडं कण्हते."

"लकव्याचा माणूस आहे, बेबीबाई. कण्हणारच."

"तसं नाई व. तुमी वाकल्या का तोंड वासते, अन् गोटा खाली ठेवला का दम सोडते. मी दोन खेपा येऊन पाहून गेलो."

मी हसले. पण आत गेले आणि बाबांना विचारलं, "काय होतं तुम्हाला?" त्यांनी डावा हात उचलून छातीवर आपटला. तोंडातून लाळेबरोबर एकच शब्द आला. "गोटा."

चौथ्या दिवशी अंग पुसताना बेबीबाईला त्यांच्या छातीवर काळेनिळे डाग दिसले. पाच-सहा, बशीएवढे. चामोर्शीहून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डाग दाबून पाहिले, मग माझ्याकडे आणि बेबीबाईकडे पाहिलं. "यांना कोणी मारतं का?" असं विचारताना त्यांची नजर बेबीबाईवर होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॉक्टर गाडीत बसेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं... बोलले नाही.

पाचव्या दिवशी मी प्रयोग केला. मुलांकडून करून घेते तसाच. बेबीबाई बाबांजवळ फोन घेऊन बसली, मी मागे. मधे दोन खोल्या, तीन जाड भिंती, आणि बाबांच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे. मी काय करतेय ते दोघांनाही दिसण्याची सोय नव्हती. मी दहादा वाकले. सातदा दगड उचलला, तीनदा नुसतीच रिकाम्या हातानं उभी राहिले. बेबीबाईनं बाबा कधी कण्हले ते सांगायचं. सातच्या सात वेळा बरोबर त्याच क्षणी. तीनदा काहीही नाही. लहान दगडाला लहान हुंकार, मोठ्या दगडाला असा आवाज की तो फोनशिवायही ऐकू आला. मी दगड खाली ठेवला की बाबा मोकळे.

मग जागा बदलल्या. मी बाबांजवळ बसले, बेबीबाईनं मागे जाऊन दगड उचलले. चार. बाबा शांत पडून होते, पंख्याकडे बघत.

बेबीबाई पदरानं घाम पुसत आत आली. तिचा चेहरा उजळला होता. "माह्या हातानं काई नाई होत! मग मीच उचलतो ना, ताई. माह्या घरच्याले बी आणतो. दोन दिवसांत साफ करून टाकतो सारं."

तिचं म्हणणं इतकं सरळ होतं.

मी म्हणाले, "नाही. आईची बाग आहे. मीच करणार."

"अवं पण बाबाजीले..."

"मीच करणार म्हटलं ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेविषयी मला लिहिता येणार नाही.

त्यानंतर मी रोज पहाटे उठून काम करत होते आणि मला सगळं माहीत होतं. पावसाच्या आधी बाग व्हायला हवी, असं स्वतःला सांगायचे. पण आधी मी लहान दगड पटापट नेत असे, ते आता सावकाश न्यायला लागले होते. जवळच्या कुंपणाऐवजी पलीकडच्या. दहाव्या दिवशी एक दगड उचलला, कलिंगडाएवढा, आणि चाललेच नाही. छातीशी धरून तशीच उभी राहिले. ऊन चढत होतं. मला दिसत होतं ते आईचं पाठमोरं वाकलेलं अंग, आणि ऐकू येत होता शेजारी बाबांचा हसण्याचा आवाज, 'चाल, मजा पाहू'... किती वेळ गेला माहीत नाही. बेबीबाई धावत आली. "ताई, ठेवा! ठेवा ना व! डोये पांढरे केले त्यायनं!"

मी ऐकलं. ऐकून आणखी थोडा वेळ धरला. मग ठेवला.

बेबीबाईनं त्या दिवशी बाबांना पाणी पाजलं, चादर बदलली आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "तुमच्या मायनं येवढे गोटे उचलले, पर कोनाले तरास नाई देल्ला. उद्यापासून मी येत नाई."

ती आली नाही. मग बाबांचं सगळं मीच केलं, आणि नीट केलं. वेळेवर भरवलं, कूस बदलली, पावडर लावली. आणि पहाटे कामाला जाताना माझा जुना फोन चालू कॉलवर त्यांच्या उशीशी ठेवायचे. दुसरा माझ्यासोबत, कुंपणाच्या खांबावर, स्पीकर लावून. कशासाठी, ते तुम्हाला समजलंच असेल.

एका पहाटे त्या फोनवर वेगळंच ऐकू आलं. चौदावा दिवस असेल. दगड उचलला, आणि कण्हण्याऐवजी फोनमधून स्पष्ट शब्द आले.

"कौसल्या... ठेव."

कौसल्या माझ्या आईचं नाव. बाबांनी तिला आयुष्यभर 'अवं' नाहीतर 'ए' म्हटलं. ते नाव त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. इतके दिवस ते तिलाच सांगत होते. मागे ती आहे, दगड ती उचलतेय आणि त्यांच्या छातीवर आणून ठेवतेय, असं त्यांना वाटत होतं. जिनं कधी कुत्र्यावरही हात उगारला नाही, ती त्यांच्यासाठी आता रोज पहाटे येणारी बाई झाली होती... आणि ती मी केली होती.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं. मी दगड कुंपणाशी ठेवला आणि दुसरा उचलला.

बावीस दिवसांत बाग झाली. शेवटचा दगड नारळाएवढा होता, त्याचं विशेष काही नाही. जमीन हातानं भुसभुशीत केली, शेणखत पसरलं, झेंडूची आणि शेवंतीची रोपं आणून लावली, कुंपणाला जास्वंदीच्या फांद्या खोचल्या. कन्हेराच्या त्या काडीला खालून एक कोवळा फुटवा आला होता. संध्याकाळी हात धुऊन बाबांना भात-वरण भरवायला बसले. दोन घास खाल्ले आणि त्यांनी तोंड मिटलं. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यानं मी आईवर गेलेय, सगळेच म्हणतात.

"कौसल्या," ते म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "झालं काय व... सारं?"

बाग झाली होती. मागे एकही दगड उरला नव्हता. हो म्हणायचं होतं, बस. ते निवांत झोपले असते.

मी म्हणाले, "नाई झालं. लय आहे आणखी."

त्यांचा डावा हात हळूहळू वर आला आणि छातीवर आडवा झाला.

त्यानंतर बाबा तीन दिवस जगले. त्या तीन दिवसांत मी मागे फक्त पाणी घालायला गेले, एक खडाही हलवला नाही. तरी पहाटे साडेपाच वाजले की ते डोळे उघडायचे, हात छातीवर घ्यायचे आणि भिंतीकडे बघत वाट पाहायचे. आठ वाजता हात खाली पडायचा. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर हात छातीवरच होता आणि थंड होता. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

मी शोधायचा प्रयत्न केला. लकव्यात श्वासाचे स्नायू आखडतात, पडून राहिल्यानं डाग पडतात, दहापैकी दहा योगायोगानंही जुळू शकतात... वर्गात कुणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. पण माझ्याच हातातल्या दगडाचं वजन तीन भिंतींपलीकडे का जात होतं, आणि बेबीबाईच्या हातातलं का नाही, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर सांगा.

'आईच तुमच्या हातून करत होती' असं मात्र कुणी लिहू नका, हात जोडते. ते शेवटचं वाक्य मी तिच्यासारखं, गावच्या बोलीत बोलले, पण आवाज माझा होता. मी नीट ऐकला होता.