टॉवेलखालचा सौदा

आटपाडीच्या बाजारात शेळीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात आणि ओठातल्या ओठात 'हे हजार, हे शेकडे' एवढंच म्हणतात. भोवती कितीही माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. एकदा 'झाला' म्हटलं की झाला. मग फिरायचं नाही. बाईच्या हातात हात द्यायला सुरुवातीला एकही गडी तयार नव्हता. मी स्वतःचा जाड टॉवेल विकत घेतला, बाजारात ठाण मांडलं आणि शेळ्याच अशा आणल्या की त्यांना यावंच लागलं.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं या टॉवेलनं केलं. आमच्या चर्चचे सेक्रेटरी मात्र आता ते भलतंच सांगत फिरतात.

सांगलीत आमच्या चर्चच्या आवारात मुलींचं घर आहे. ज्यांना आपल्या घरी परत जाता येत नाही अशा मुली तिथं राहतात. एक मावशी ते चालवते. मीही तिथंच राहिले, तिथूनच शेळ्यांच्या धंद्याला उभी राहिले. मावशीनं पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशीही तेच. जात, गाव, काय घडलं, कुणी केलं, यातलं काही तिनं विचारलं नाही. पुढं मी आपणहून सांगितलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि ती गोष्ट तिच्या तोंडून आजतागायत बाहेर पडलेली नाही. येशूची ओळख मला त्या 'जेवलीस का'नं करून दिली. प्रवचनं नंतर ऐकली.

मग मावशी ऑपरेशनसाठी मिरजेला दवाखान्यात असताना कमिटीनं मला चर्चमध्ये उभं केलं. साक्ष दे म्हणाले. म्हणजे देवानं मला कुठून उचललं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पोरवय होतं, सांगितलं. त्यांनी फोटो काढला आणि साक्षीतल्या दोन ओळींसकट कॅलेंडरवर छापला. ते कॅलेंडर फिरत फिरत रहिमतपूरच्या एका किराणा दुकानात लागलं. माझ्या बहिणीचं लग्न त्याच गल्लीत ठरलं होतं. ते मोडलं. बहीण अजून माझ्याशी बोलत नाही. कॅलेंडर छापणारे हेच सेक्रेटरी. म्हणाले, "आमचा हेतू चांगला होता." त्या हेतूचं काय लोणचं घालू?

तेव्हापासून तो राग मी पाळलाय. त्याला वेळेवर चारापाणी घालते.

गेल्या वर्षी मावशीकडे एक मुलगी आली. नुकती सज्ञान झालेली. तिला शोधत माणसं फिरत होती, आणि सापडली असती तर तिची धडगत नव्हती. तुम्हाला एवढं पुरे. कापणीच्या सणाच्या आधी सेक्रेटरींचा मावशीला निरोप आला. घराला मदत करणारे पाहुणे पुण्याहून येणार आहेत. नव्या मुलीनं त्यांच्यासमोर साक्ष द्यावी, मोबाइलवरून ती थेट सगळीकडे दिसेल. जमत नसेल तर तिनं राहायची दुसरी सोय बघावी.

मी गेले तेव्हा मुलगी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बोलायचं न्हाई. दिसलं तर येतील ती."

"मी प्रार्थना करते, बाळा," मावशी म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "करा की. पण आवं मावशी, प्रार्थनेला बसताना दाराला कडी घालता का न्हाई? ती कुणी घालायची?"

मावशी हसली. "तीच तर मागत होते. तू आलीस."

मी तशीच सेक्रेटरींच्या दारात गेले. त्यांनी बस म्हटलं नाही.

"बाई, साक्षीनं देवाचं गौरव होतं. त्यात लपवायचं काय?"

"मग आदी तुमच्या घरातलं सांगा की. सुनबाईंना करा उभं."

"तोंड सांभाळा. तुम्ही लिलाव पुकारायला येता, तेवढंच बघा."

बघितलं. तेवढंच बघितलं.

कापणीच्या सणाला आमचे लोक शेतातलं, घरातलं काहीबाही देवाला आणतात. भोपळे, हळद, अंडी, कोंबडी, एखादी शेळी. उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव होतो आणि तो दरवर्षी मीच पुकारायची, कारण माझ्यासारखा भाव कुणाला चढवता येत नाही. त्या दिवशीही चढवला. मुलगी मावशीला चिकटून मागं बसली होती. लिलावानंतर तिची साक्ष होती. माझ्याकडे शेवटची एक शेळी उरली होती.

तेवढ्यात सेक्रेटरी पाहुण्यांना घेऊन पुढं आले. पाहुण्यांतली एक बाई मोबाइल धरून होती, तो चालू होता. सेक्रेटरींना दाखवायची भारी हौस. "आपल्या भागातली एक गंमत बघा," ते म्हणाले. "या बाई टॉवेलखाली सौदा करतात. चला बाई, माझ्याशी करा."

"खरा करायचा का नाटकातला?"

"खराच करू की!" त्यांनी बाही वर सारून हात पुढं केला.

जतकडचा एक म्हातारा, उभा जन्म मेंढरामागं गेलेला, बाकावरून ओरडला, "आवं सायेब, जपून! त्या बाईनं बोट धरलं की सुटत न्हाई!" सगळे हसले. सेक्रेटरी सगळ्यांत जास्त.

मी टॉवेल टाकला, त्यांचा पंजा धरला आणि बाजारात म्हणतात तसं कानाजवळ म्हटलं, "हे ऱ्हानं." पाची बोटं दाबली. "पोरगी हितंच ऱ्हानार, तिला पायजे तवर." करंगळी मुडपली. "ही साक्ष. न्हाई." शेजारचं बोट मुडपलं. "ह्यो फोटो. कुनाचाच न्हाई, कवाच न्हाई."

त्यांनी हात ओढला. मी शेळ्यांचे पाय धरून हात कमावलेत.

"हे काय चाललंय? सोडा."

"सौदा चाललाय. न्हाई म्हनायचं तर मोठ्यानं म्हना, आनि कशाला न्हाई तेबी सांगा. मोबाइल चालूय. मग मीबी मोठ्यानं बोलते. क्यालेंडरापासनं."

"देवाच्या कामात अडवणूक करता?"

"शेळीचा भाव आमी टॉवेलखाली झाकतो, सायेब. आनि पोरीची अब्रू माइकवर?"

त्यांची नजर मोबाइलकडे गेली. पाहुण्या बाई कौतुकानं हसत होत्या. म्हातारा पुन्हा ओरडला, "झाला का न्हाई?"

सेक्रेटरींनी पाहुण्यांकडे बघून हसू आणलं. "झाला," ते म्हणाले.

"झाला!" शेतकरी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शेळी कितीला गेली म्हणून एकानं विचारलं, तर म्हाताऱ्यानंच त्याला झापलं, "टॉवेलखालचं इचारत्यात व्हय रं?" सेक्रेटरींनी माइक घेतला आणि वेळ कमी असल्यानं आता थेट जेवण, असं जाहीर केलं. मागं मावशीनं डोळे मिटले. मुलगी उठून पत्रावळ्या मांडायला लागली.

दोनेक आठवड्यांनी सेक्रेटरी 'त्या सौद्यात गैरसमज झाला होता' असं कुजबुजू लागले. म्हाताऱ्यानं त्यांना चर्चच्या दारातच गाठलं. "सायेब, झाला म्हनून फिरनार हायसा?" सौदा काय होता हे त्याला आजही ठाऊक नाही. फिरणं त्याला खपत नाही, एवढंच. मुलगी राहिली.

यंदा लिलाव माझ्याकडून काढून घेतला. माझ्या विश्वासात नम्रता नाही, असं कमिटीचं म्हणणं आहे. नसेल. मी ज्याच्या मागं चालते त्या येशूनं मंदिरातल्या सौदागरांचे चौरंग उलथून टाकले होते. मी स्वतः सौदागर असून मला तो पटतो. कमिटीनं त्याचं काय केलं असतं, कोण जाणे. मी मागच्या बाकावर बसते आणि मोठ्यानं गाते.

हे मी कधीच लिहिलं नसतं. पण सेक्रेटरी हल्ली सभांमधून साक्ष देतात. प्रार्थनेत प्रभू त्यांच्याशी बोलला, म्हणून त्यांनी एका मुलीला आसरा दिला, तिला उघडं पडू दिलं नाही, असं सांगतात. लोक आमेन म्हणतात. म्हणून आज टॉवेल उचलला. त्यांच्या-माझ्या सौद्यापुरताच. मुलीची गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही, माझीही नाही. हवं तर पुन्हा वाचून बघा.