आवडीचं तोंड

आवडीला बिरवाडीने भांडकुदळ ठरवलं, हा अन्याय होता. निदान अर्धा तरी. तिचं माहेर आणि सासर दोन्ही पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या माळावर. तिथे गुरं या टोकाला, माणूस त्या टोकाला आणि मध्ये नुसता वारा. हळू बोलणारी बाई तिथे न बोलल्यासारखीच. पुढे नवरा भागोजी महाडच्या कारखान्यात लागला आणि बिऱ्हाड बिरवाडीच्या चाळीत आलं. दोन खोल्यांत आवडी कशीबशी मावली, तिचा आवाज काही मावला नाही. तिने "भात वाढलाय" म्हटलं की शेवटच्या खोलीतला भाडेकरूही हात धुवायला उठायचा.

उरलेल्या अर्ध्याला अन्याय म्हणता येणार नाही, कारण आवडी भांडायचीही. भागोजीचा पराक्रम शिफ्ट सुटल्यावर सुरू व्हायचा. आज साहेबाला कसं सुनावलं, हे तो रोज रंगवून सांगायचा. ते सुनावणं साहेबाच्या कानावर कधी गेलं नव्हतं एवढंच. मग आवडी त्याला त्याची लायकी सांगायची, तो तिचं माहेर काढायचा, आणि हाताला लागेल ते पातेलं मोरीच्या दिशेने जायचं.

दोन हजार तीनच्या आसपास टीव्हीवर 'आदळआपट' नावाची मालिका लागली. कामगार वस्तीतलं घर, फुशारक्या मारणारा बाप, किंचाळणारी आई आणि उडणारी भांडी. प्रत्येक शिवीला मागून खोटं हसू. चाळीला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. "आपल्याकडं तर हे जाहिरातींशिवाय चालतं," असं एकाने म्हटलं आणि आवडीच्या घराला तेच नाव चिकटलं. सगळ्यांत मोठ्याने हसायचा भागोजी. "काय येडा बाप दाखवलाय!" म्हणत मांडीवर थाप मारायचा. तो येडा कुणासारखा दिसतो, हे त्याला सांगायची कुणाची टाप नव्हती, आणि गरजही नव्हती.

आवडीला मात्र मालिकेचा मनस्वी राग. "त्या टीव्हीवालीचं भांडण झालं की लोक हसतात," ती म्हणायची, "माझं झालं की पातेल्याचे पोचे कोण काढतो?"

त्या घरात बोलत नसे ती एकटी सारिका, त्यांची लेक. दोन बोलणाऱ्यांच्या घरात तिसऱ्याची पाळीच यायची नाही. आवडीची इच्छा एकच होती, पोर शांत घरात पडावी. आपला जन्म ओरडण्यात गेला, हिचा जाऊ नये, असं तिला मनापासून वाटे.

म्हणून भावकीतल्या दत्तारामने तुडीलचं स्थळ आणलं तेव्हा ती हरखली. मुलगा राजू, मुंबईत छापखान्यात; सून मात्र तुडीलच्या घरीच राहायची. "घर असं शांत की घड्याळाची टिकटिक ऐकू येते," दत्ताराम म्हणाला. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "पण वयनी, ती मंडळी 'आदळआपट' बघतात. चाळीनं तुमच्या घराला ठेवलेलं नाव तिथं कुणी सांगायला नको."

आवडीने फर्मान काढलं. पाहुणे असेपर्यंत भागोजीने हो-नाहीपलीकडे बोलायचं नाही, आणि ती स्वतः तर एक अक्षरही बोलणार नाही. "माझं तोंड उघडलं की आवरत नाय. नकोच ते."

पाहुणे आले. राजूची आई संजीवनीबाईंनी विचारलं, "पोहे तुम्हीच केलेत?" आवडीने मान हलवली. "माहेर कुठलं?" आवडीने पोलादपूरच्या डोंगरांकडे हात केला. भागोजी पंख्याकडे बघत बसला. शेजारच्या खोलीतून मालिकेतली आई बोंबलत होती, तेवढाच काय तो घरातला आवाज. सारिकाने चहा आणला, राजू हसला, तीही हसली. पाहुणे गेल्यावर आवडीने पाण्याचा तांब्या घशात रिता केला. मोहीम फत्ते झाली असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात दत्ताराम पडेल चेहऱ्याने आला. "मुलगी पसंत हाय. पण ते म्हणतात, आई मुकी. नातवंडांत उतरलं म्हणजे?"

चाळ पोट धरधरून हसली. भागोजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "इतकी वर्सं मी देवाकडं मागतोय," तो म्हणाला, "आनी त्यानं दिलं ते तुडीलवाल्यांना!"

दुसऱ्या दिवशी आवडीने दत्तारामला पुढे घातलं आणि एसटीने तुडील गाठलं. दारातूनच तिने सुरुवात केली, "कोण मुकी हाय?" नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं टाकून बघू लागल्या.

संजीवनीबाई मंद हसल्या. "वाचा हाय ना? मग आमची हरकत नाय. बसा."

घर खरंच शांत होतं. पुरुष 'आदळआपट'चा जुना भाग बघत होते, हसत होते, तेही हळू. थोरली सून पाणी घेऊन आली.

"नाव काय गो तुझं?" आवडीने विचारलं.

सुनेने सासूकडे पाहिलं. "पूनम," संजीवनीबाई म्हणाल्या.

"माहेर कुठलं?"

पुन्हा तेच. उत्तर सासूनेच दिलं. "तिला बोलायची सवय नाय. आमच्याकडं आल्यापासून चांगली निवळली हाय."

पूनम रिकामा पेला घेऊन आत गेली. आवडी तिच्या पाठीकडे बघत राहिली. आपण एक दुपार गप्प राहिलो तर जीव गुदमरला. ही कधीपासून गप्प आहे देव जाणे, आणि हिला निवळली म्हणतात! शांत घर शांत घर म्हणून जे आपण देवाजवळ मागितलं ते हे होतं, याची तिला लाज वाटली.

"तुमची हरकत नाय," ती उठत म्हणाली, "माझी हाय. आमची पोर द्यायची नाय."

परतताना दत्ताराम तिच्याशी बोलला नाही. ती मात्र खुशीत होती. घरी येताच तिने सारिकाला सगळं सांगितलं, पूनमसकट, आणि शेवटी म्हणाली, "वाचलीस गो माझे बाय."

सारिका भांडी घासत होती. ती उठली. "मला इचारलंस?"

"काय इचारायचं त्यात?"

"मला तो आवडला व्हता! तू पसंत कर म्हणालीस, मी केला. आता नको म्हणतेस, म्हनून नको? मदी मी कुठं हाय गो?"

हा आवाज चाळीने कधी ऐकला नव्हता. शेजारचा टीव्ही बारीक झाला. भागोजी दारातच थबकला.

आवडीने तोंड उघडलं. एरवी शब्द आपणहून धावत यायचे, आज एकही आला नाही. पूनमचे शब्द तिची सासू खात होती, हे तुडीलला तिला लगेच दिसलं होतं. सारिकाचे इतकी वर्षं कोण खात होतं, ते तिला आत्ता कळलं.