कच्च्या लिंबाला राज्य पाहिजे

वाटूरजवळच्या एका अंगणवाडीत लहान पोरांचे खेळ नव्यानं आखायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा माझी सगळी तयारी भांडणाची होती. आमच्या अपंग हक्क संघटनेच्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य 'झालंच पाहिजे'नं संपतं, आणि इथं संतापायला कारणही ढळढळीत होतं. चार वर्षांची एक पोरगी, दोन्ही पायांत जन्मापासून जोर नाही. बाकीची पोरं अंगणात धावायची आणि हिला पायरीवर बसवून टाळ्या वाजवायचं काम दिलेलं. जणू बाई उद्घाटनाला आल्या होत्या.

सेविकाताई खिचडीचे तांदूळ निवडत होत्या. मी तिथंच त्यांना धारेवर धरलं. पोर पडली तर तिच्या आईला तोंड कोण देणार, तुम्ही तर दुपारच्या एसटीनं जाणार, असं त्यांचं म्हणणं. बराबर होतं. मग आईलाच गाठलं. ती कापूस वेचायला निघाली होती, रस्त्यातच थांबली.

"घरात दिसभर पडती ती. तिथं काय कुनाला इचारून पडती का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून पकडापकडी बसून. अंगणात जुने बारदाने अंथरले. सगळ्यांनी ढुंगणावर सरकायचं, पाय वापरायचे नाहीत. एका पोराला कमी ऐकू येतं, म्हणून शिट्टीऐवजी लाल रुमाल हलवायचा. एरवीचे धावणारे बहाद्दर दोन हात सरकले की धापा टाकायचे. हिची तर घरातली रोजची चालच ही, भर्रकन निसटायची. मी मनातल्या मनात पुढचं पत्रक लिहायलाही घेतलं.

आणि ही फुगून कोपऱ्यात. कुणी ढकललं का, लागलं का, विचारलं. नाही अशी मान हलवली. मग म्हणाली, "मला धरलं तरी राज्य देत न्हाईत. म्हन्तेत, तू कच्चं लिंबू."

म्हणजे खेळात घ्यायचं, पण पकडलं तरी सोडून द्यायचं, दुसऱ्यांना पकडायची पाळी कधी येऊ द्यायची नाही. गल्लीत सगळ्यात धाकट्याला देतात ती सवलत. पायरी अंगणात आणून ठेवली होती, दुसरं काय.

मी पोरांवर तापले. पोरं चकित. त्यातला मोठा म्हणाला, "आम्ही चांगलंच करून राह्यलो ना. राज्य दिलं तर रडंल ती."

"रडीन," पोरगी म्हणाली. "मंग काय?"

तिला राज्य मिळालं. मग दयामाया संपली. ती जवळ आली की ही बदमाश पोरं बिलकुल लाज न बाळगता उठून पळायची, लांबून वाकुल्या दाखवायची. ती एकाला धरायला जाई, दुसरा मागून टपली मारी. तिनं असं भोकाड पसरलं की रस्त्यावरचा जीपवाला वळून बघायला लागला. ताई तांदळाचं ताट टाकून धावल्या. बस झालं, म्हणाल्या, दुसऱ्याला देऊ राज्य.

तिनं फ्रॉकला नाक पुसलं.

"कुनाला धरल्याबिगर देत न्हाई."

आणि रडत रडतच सरकायला लागली. सगळ्यात जवळ मी उभी होते. मी खेळात नाही, हे समजावायला मी तोंड उघडलं, तोवर तिनं माझा पाय घट्ट धरला होता.