जावयाचं अंथरूण

रात्री अंथरुणं घालणं घरात माझ्याकडे होतं. थोरली बहीण, आमची अक्का, सासर सोडून आली तेव्हा मी कॉलेजात जात होते. नको म्हटलेलं नवरा ऐकत नाही, एवढंच तिने आईला सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत तिच्या सासरहून, देवनहळ्ळीहून, भावोजींचा निरोप आला: पाठवा, नाहीतर कोर्टात जातो.

अण्णा, म्हणजे वडील, मला घेऊन गल्लीतल्या वकिलांकडे गेले. वकील इंग्रजीखेरीज बोलत नसत.

"तिला ओढून नेतील का, विचार."

कोर्ट नांदायला जा म्हणू शकतं, ओढून कोणी नेत नाही, असं वकील म्हणाले. मग अण्णांनी न सांगितलेलं मी विचारलं, टेबलाच्या पायाकडे बघत: गेल्यावर ती नको म्हणाली तर?

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "नवऱ्याला? त्यासाठी कायद्यात काही नाही."

"काय म्हणतायत?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं.

त्याच आठवड्यात भावोजी स्वतः आले. जेवताना खुशीत होते. "तुमच्या अक्काला इथला भात मानवलेला दिसतो." शेवटची बस गेली होती. ती जावी म्हणूनच ते बसून राहिले होते, हे सगळ्यांना कळत होतं. जावई मुक्कामाला राहिला की आतली खोली त्या दोघांची, अशी आमच्याकडे रीत. मोरीत अक्का घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती.

"आत घाल दोघांचं," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी भावोजींची गादी बाहेर, अण्णांच्या शेजारी घातली. अक्काची आत, आईच्या आणि माझ्या मध्ये.

भावोजी पान चघळत आले. "काय गं, जावयाला कुठे झोपवतात ते इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

त्यांची उशी माझ्या हातात तशीच राहिली. अण्णांनी ती घेतली आणि बाहेरच्या गादीवर ठेवली.

"इथे वारा बरा येतो. पहिल्या बसला मी उठवीन तुम्हाला."

"सरी, बरं तर," भावोजी हसून म्हणाले. "आज तुमचं. पुढचं कोर्टात बघू."

अक्का हात पुसत आली आणि मधल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून निजली. आई थोडा वेळ उभीच होती. मग तिने दार लोटलं. आतली कडी आम्ही कधी लावत नसू. ती गंजली होती. आईला दोन्ही हातांनी ढकलावी लागली.