गुरली फरशी सोलते

गुरलीचा धंदा काय, तर जुन्या जमिनी सोलायच्या. गालिचा उचकटला की खाली राहिलेला गोंद, रंगाचे थर, कुणी कधी काय ओतून ठेवलंय ते देवच जाणे. तिचं मशीन ते सगळं खरवडून काढतं. मशीनच्या पोटाला दोन तबकड्या, एक अशी गरगरते, दुसरी उलटी, आणि दोघींना हिऱ्याच्या धारेचे, एकाच बाजूनं कापणारे दात. आमच्या मॉर्स बेटावरची शाळा म्हणू नका, गोठे म्हणू नका, बेकरी म्हणू नका, बाईनं काही म्हणून सोडलं नाही.

आणि ही गुरली अठ्ठावन्नाव्या वर्षी बोहल्यावर चढायला निघाली! हसताय काय? आम्हीही हसलो, पण आनंदानं. नवरा आस्गर, खाडीवरच्या फेरीबोटीचा तांडेल, नुकताच निवृत्त झालेला. तिचं अवजड मशीन बोटीवर चढवता-उतरवता दोघांचं जमलं.

तिची हौस एकच. लग्नाच्या रात्री बाराच्या आत नवरानवरीनं वॉल्ट्झ नाचायचा आणि गावानं टाळ्या पिटत भोवती कडं करायचं, ते तिला गावच्या सभागृहात हवं होतं. "उभा जन्म लोकांच्या जमिनी चकाचक केल्या," ती म्हणायची, "पण माणसं नाचायला यायची तोवर मी पुढच्या गावी. एकदा तरी मला नाचू दे की!"

लग्न शनिवारी आणि त्याच आठवड्यात सभागृहाचा नळ फुटला. गालिचा भिजून वाया गेला. कमिटीवरच्या बोडिलनं तो उपटून फेकला, तर खाली डांबरासारखा काळाकुट्ट गोंद. पाऊल टाकावं तर बूट तिथेच राहावा.

"शहरातलं हॉटेल घेऊ," बोडिल म्हणाली. "जागा धरून ठेवलीय त्यांनी. उद्या सकाळी हो-नाही कळवायचंय."

"तू कर हॉटेलात लग्न," गुरली म्हणाली. "मी फरशी सोलते."

तिनं मशीन मागे कलतं करून ठेवलं, सुट्या दातांवर खडूनं डावे-उजवे अशा खुणा केल्या आणि शिंपिणीकडे झगा घालून बघायला गेली. आस्गरला कुठला धीर निघतोय! होणाऱ्या बायकोला खूश करावं म्हणून त्यानं सगळे दात आपल्या हातानं बसवले, मशीन सरळ केलं आणि शहाण्यासारखा कॉफी करायला गेला.

गुरली आली, दात बसलेले बघून हरखली आणि भिडली. पण गोंद निघेल तर शपथ! मशीन गुरगुरत पुढे जाई आणि मागे गोंद लोण्यासारखा पसरे. तिनं वाळू टाकली, वेग कमी केला, शिव्या घातल्या. अर्धं सभागृह आधीपेक्षा काळं झालं. शेवटी ती बादली पालथी घालून मटकन बसली.

"सांग बोडिलला, हॉटेल घे म्हणावं," ती म्हणाली. "माझ्या नशिबात नाही नाचणं."

आस्गरनं कॉफी खाली ठेवली. "दात मी बसवले गं. पण तुझ्या खुणेबरहुकूम! डावे डावीकडे, उजवे उजवीकडे."

"कुठे उभं राहून?"

"हे काय, समोर. पोटाकडून."

"अरे माझ्या कर्मा! दांड्याकडून बघायचं असतं रे! सगळे दात उलटे बसलेत, पाठीनं घासतायत!"

"मला काय माहीत? आमची बोट कधी वळवतात का? दोन्ही टोकांना सुकाणू! पैलतीरी लागलं की मी या टोकाचा त्या टोकाला जातो. मी तोंड करीन ते पुढं, आणि माझ्या डाव्या हाताला ते डावं. चाळीस वर्षं हेच केलंय!"

यावर गुरली जी हसत सुटली, की बादलीसकट कलंडली. बाहेर पोरंबाळं जमली, त्यांना वाटलं नवरी वेडी झाली.

दातांची डावी-उजवी अदलाबदल केली आणि काय सांगू! पातेल्याची खरवड निघावी तसा गोंद सुटायला लागला. गाव फावडी घेऊन धावलं. बोडिलसुद्धा गुडघ्यावर बसून कोपरे खरवडत होती, वर "हॉटेलवाल्याला मी काय तोंड दाखवू" म्हणून कुरकुरतही होती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत खालची मोझॅक उघडी पडली. करड्या रंगात लाल खडे. कोणाच्या आजोबांनी घातली होती यावरून लगेच दोन म्हाताऱ्यांत जुंपली.

शनिवारी भाजलेलं डुक्कर, बटाटे, भाषणं, पुन्हा भाषणं. एकदाचा अकॉर्डियन वाजला. आस्गर आणि गुरली मधे उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या, आणि रिवाजाप्रमाणे कडं एकेक पाऊल आत सरकत गेलं, सरकत गेलं, शेवटी दोघांना हलायलाही जागा उरेना. गुरलीनं सवयीनं खाली बघितलं. एवढा घाम गाळून काढलेली फरशी, पण तिचा वीतभर तुकडा दिसेना. नुसते बूटच बूट, सगळ्या गावाचे. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"अगं, रडतेस काय?" आस्गर घाबरला. "काही राहिलं का काढायचं?"

"नाच गप," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा मला फरशी दिसत नाहीये."